व्याह्यांचा सरडा

लोक बांधावरून भांडतात, पाण्याच्या पाळीवरून भांडतात, बैल दुसऱ्याच्या ज्वारीत शिरला म्हणून भांडतात. हे मला समजतं. मी स्वतः भांडलेली आहे आणि चांगली भांडते, आमच्या काठावर कुणालाही विचारा. पण माझा भाऊ बन्सीलाल आणि त्याचा होणारा व्याही हिंमतराव, हे दोघं पिकल्या मिशांचे पाटील भांडले ते एका सरड्यावरून. तोही जिवंत नाही. मेलेला, आणि मेलेला तरी कधी, तर माणूस नावाचं जनावर जगात यायच्या कितीतरी आधी. त्याच्या अंगावर पिसं होती की नव्हती, एवढ्यावरून माझ्या निर्मलाचं ठरलेलं लग्न मोडायला निघालं.

पिसं होती की नव्हती ते मला विचारू नका. साहेबांच्या मुलखातले पंडित त्यावर भांडतायत आणि त्यांचंही अजून ठरलेलं नाही म्हणे. त्यांचं एक बरं आहे. त्यांच्या भांडणात कुणाच्या पोरीची हळद अडत नाही.

आमची दोन गावं समोरासमोर, मधे नदी. पावसाळ्यात तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही आणि उन्हाळ्यात शेळ्यासुद्धा वाळूतून चालत पलीकडे जातात. बाजाराला दोन्ही गावं रनाळ्याला. निर्मला रांगत होती तेव्हा तिची आई गेली. मी नवऱ्यामागे भावाच्या घरी आलेली, पदरात मूल नाही. भावानं पोर माझ्या मांडीवर ठेवली आणि तिथून पुढे ती माझीच. मला फुई म्हणते, म्हणजे आत्या. तिच्या वेण्या मी घातल्या, गोवरात उशाशी मी बसले, आणि खापरावर मांडे टाकायला शिकवताना तिच्या पाठीत धपाटेही मीच घातले.

बन्सीलाल धुळ्याला शिकला. मॅट्रिकला बसला, पास काही झाला नाही, परत येऊन शेती बघायला लागला. पण पुस्तकाचं वेड गेलं नाही. पुण्याहून एक मासिक यायचं त्याला, आगगाडीनं नंदुरबारला आणि तिथून टपालवाल्याच्या मेहेरबानीनं आमच्याकडे. पुढे डोळे अधू झाले, तेव्हा निर्मला वाचून दाखवायला लागली. सातवी पास झालेली पोर, खणखणीत वाचायची. जेवणाआधी ओट्यावर तो डोळे मिटून ऐकणार, ती वाचणार आणि मी तूर निवडता निवडता दोघांना नावं ठेवणार. आमच्या घरातली सगळ्यात चांगली वेळ ती, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

त्या मासिकात एकदा महासरटांवर लेख आला. महासरट म्हणजे जुन्या काळचे सरडे, काही तर आमच्या घराहून मोठे. जर्मन मुलखात दगडाच्या खाणीत एक जनावर सापडलं, कावळ्याएवढं. तोंडात दात, सरड्यासारखी हाडाची लांब शेपटी, पंखाला नखं. आणि दगडात त्याच्या भोवती पिसांचे ठसे उमटलेले, ओल्या मातीत पान दाबल्यावर उमटतं तसे. झालं. पंडितांची जुंपली. एक म्हणाला पक्षी, दुसरा म्हणाला सरडा, तिसरा म्हणाला सरड्याचा पक्षी होता होता मधेच मेला असेल. मग दोन पायांवर पळणारे जे मोठे सरडे, त्यांच्या अंगावरही पिसं असतील काय? कुणी म्हणे पाखरं त्यांच्याच कुळातली. कुणी म्हणे छे, पाखरांना गळ्याखाली जे हाड असतं ते या सरड्यांना नव्हतंच, मग हे त्यांचे पूर्वज कसले? एवढ्याशा हाडापाशी सगळं कूळ अडलेलं. सोयरीक जमवताना आम्ही तरी याहून वेगळं काय करतो?

बन्सीलालनं तिथल्या तिथे निकाल दिला. पिसं होती. निर्मलानं तर बापापेक्षा जास्त मनावर घेतलं. खडूनं आणि कोळशानं तिनं बैठकीच्या भिंतीवर एक महासरट काढला. दोन पायांवर उभा, दात विचकलेले आणि अंगभर पिसं. घोरपडीनं मोराचा पिसारा ओढून घ्यावा तसं ते ध्यान दिसायचं. मी म्हटलं, अगं, देवाची चित्रं काढ, गवराई काढ, हे काय? तर म्हणते, फुई, हे पण देवानंच केलंय.

हिंमतराव पलीकडच्या गावचा. चांगली काळी जमीन, बारमाही विहीर, घोड्यांचा शौक. त्याचा मुलगा पितांबर मितभाषी, कामाचा आणि बापाला घाबरणारा. त्याचं स्थळ आलं तेव्हा निर्मला तोंडानं काहीच बोलली नाही, पण त्याचं नाव निघालं की तव्यावरची भाकरी करपायची. मला एवढं पुरे होतं. शिवाय आमच्या ओट्यावरून त्यांच्या वाड्याजवळचा निंब दिसतो. पोर दिली तरी नजरेआड जाणार नाही, हा माझा स्वतःचा स्वार्थ. लग्न अखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या मुहूर्तावर धरलं.

सुपारी फोडायला हिंमतराव भावकी घेऊन आमच्याकडे आला. सुपारी फुटली, गूळ वाटला, जेवणं झाली. सगळं कसं लोण्यासारखं. मग पान खाता खाता हिंमतरावाची नजर भिंतीवर गेली आणि त्यानं विचारलं, हे काय काढलंय? बन्सीलालला तेवढंच हवं होतं. लेख जसाच्या तसा, दगड, दात, शेपटी, पिसं, सगळं त्यानं ऐकवलं. भावकीनं माना डोलावल्या. हिंमतराव मात्र हसायला लागला. पोट धरून हसला.

त्याचं कारण असं. सारंगखेड्याच्या यात्रेत तो घोडा बघायला गेला होता, तिथे तंबूतल्या सिनेमात त्यानं असाच सरडा पाहिला होता. विलायतेच्या शहरात शिरलेला, घरं पाडणारा, माणसं तुडवणारा. ती गोष्ट तो कैक वर्षं सांगत आला होता. पलीकडच्या गावात पोरं रडायला लागली की त्यांना हिंमतराव पाटलाच्या सरड्याचं नाव सांगायचे. तो म्हणाला, अंगावर एक पीस नाही, म्हशीसारखी गुळगुळीत कातडी.

बन्सीलालनं त्याला शांतपणे समजावलं, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. म्हणाला, मोराचा पाय बघा, खाली खवले आहेत, सापासारखे, आणि वर पिसं. पीस म्हणजे तरी काय, लांब झालेला, फाटे फुटलेला खवलाच. हिंमतरावानंही काही वेडगळ उत्तर दिलं नाही. तो म्हणाला, हाडं गाडाभर सापडली म्हणता, मग पिसं एकाच दगडात का? बाकीच्यांची गेली कुठे? त्यावर बन्सीलाल म्हणाला, तुमची विहीर खणताना बैलाचं हाडूक निघालं होतं, त्याच्याबरोबर झूल निघाली का? म्हणून काय पोळ्याला झूल घालत नव्हते? हिंमतराव म्हणाला, मग सरड्याच्या शिंगाला बेगडही लावली होती म्हणा की.

इथवर सगळे हसत होते. मीही दाराआडून हसत होते. मग हिंमतरावानं स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "मी मन्हा डोयाघाई दखेल शे."

आणि माझ्या भावानं, माझ्या शहाण्या, पुस्तक वाचणाऱ्या भावानं उत्तर दिलं, "पाटील, ती बाहुली व्हती."

बैठकीत कुणी पान चघळायचं थांबलं, कुणी खाली बघायला लागलं. बन्सीलालचं बरोबर होतं, मासिकात तसल्या सिनेमांबद्दलही आलं होतं, रबराच्या बाहुल्या करून हलवतात म्हणून. पण भावकीसमोर, सुपारी फुटल्याच्या दिवशी, वरपक्षाच्या पाटलाला तू कैक वर्षं बाहुलीच्या गोष्टी सांगत फिरलास असं म्हणायचं असतं का? हिंमतराव उठला. पागोटं सारखं केलं. म्हणाला, तुमच्या घरानं चारचौघांत कबूल करावं, सरड्याला पिसं नव्हती. त्याशिवाय आमची वरात नदी उतरणार नाही. बन्सीलाल म्हणाला, छापलेलं आहे ते आहे. हिंमतराव गेला. अंगणात चपला शोधताना त्याच्या भावकीतला एक म्हातारा मला हळूच विचारत होता, बाई, सरडा नेमका होता कुणाच्या शेतात?

मग काय विचारता. अख्खं आमचं गाव पिसवालं झालं आणि अख्खं त्यांचं गाव बोडकं. ज्यांनी जन्मात मासिक हातात धरलं नाही ते आमच्याकडे पारावर बसून जर्मन खाणीचं वर्णन करायचे. पलीकडे ज्यांनी सिनेमाचा तंबू बाहेरूनसुद्धा पाहिला नव्हता ते त्या कातडीच्या सुरकुत्या सांगायचे. पितांबरनं एकदा बापापुढे धीर करून म्हटलं, कुणास ठाऊक, थोडीफार असतीलही. त्याला बापानं तबेल्यात झोपायला लावलं.

रनाळ्याच्या बाजारात मला मंगलाबाई भेटली, हिंमतरावाची बायको. मिरच्या निवडायचं निमित्त करून आम्ही दोघी बसलो. तिनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की त्या सिनेमाला ती नवऱ्याशेजारीच बसली होती. सरडा पडद्यावर अंगावर आला तेव्हा पाटील बाकाखाली शिरले आणि खेळ संपेस्तोवर वर आले नाहीत. अशा माणसाला तुझ्या भावानं बाहुली म्हणून सांगितलं, आता ते कसे माघार घेणार? खरा सरडा असेल तर भिण्यात लाज नाही, बाहुलीला कसं भिणार? मी कपाळावर हात मारून घेतला. पिसांचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता. तिला निर्मला मनापासून हवी होती. म्हणाली, घरात सून आली तर निदान कुणाशी तरी बोलता येईल, बाप नि लेक दोघं घोड्यांशी बोलतात.

मी घरी येऊन भावाला धरलं. म्हटलं, बाबा रे, म्हण नव्हती पिसं. तुझ्या बापाचं काय जातं? त्या सरड्याला तरी काय फरक पडतो? तो म्हणाला, जिजी, खोटं कसं बोलू? एवढं बोलून, जणू काही झालंच नाही अशा थाटात, त्यानं निर्मलाला हाक मारली आणि मासिक काढायला सांगितलं. ती आली. बसली. वाचायला लागली. आवाज मात्र खणखणीत नव्हता.

आणि मी त्याचं तोंड पाहिलं. डोळे मिटून, भिंतीला टेकून, सुखानं ऐकत बसलेला. ठरलेलं लग्न मोडत असलेल्या बापाचं तोंड असं असतं होय? तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकाला बाकाखाली शिरल्याची लाज होती. दुसऱ्याला वाचून दाखवणारी पोर हातची जाऊ द्यायची नव्हती. आणि दोघांनी आपापलं दुखणं त्या बिचाऱ्या मेलेल्या जनावराच्या अंगावर टाकलं होतं. मला इतका संताप आला की निवडलेली तूर पुन्हा खड्यांत गेली. पण भावाचा नुसता संताप येत नव्हता. कीवही येत होती. ती गेल्यावर ओट्यावर आम्ही दोघं म्हातारी एकमेकांकडे बघत बसणार, हे मलाही दिसत होतंच की.

दुसऱ्या दिवशी निर्मलानं भिंतीवरचा महासरट शेणानं सारवून टाकला. मी विचारलं तर म्हणाली, फुई, माझं लग्न याच्याशी लागणार आहे का? आणि सारवत राहिली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

अशात अखाजी आली. अखाजी म्हणजे आमच्याकडे बायकांचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घरोघरी आमरस नि मांडे. दुपारी गवराई, म्हणजे पाटीत उगवलेल्या गव्हाची गौर, घेऊन दोन्ही गावच्या बायका नदीवर जातात, आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि मग एकमेकींच्या गावाला शिव्या घालतात. अशा की वर्षभर पुराव्यात. पुरुषांनी वर झाडाखाली बसून ऐकायचं, त्या दिवशी नदीवर त्यांना तोंड नाही. वाळूत बोललेलं वाळूतच राहतं, कुणी राग घरी न्यायचा नाही. पोरी आणि माहेरवाशिणी आपल्या गावच्या काठावर. ज्या सुनांना माहेरचं बोलावणं आलं नसेल त्या सासरच्या काठावर, आणि माहेर समोरचं असलं तर त्या माहेरालाही शिव्या घालतात, अगदी जीव तोडून. आणखी एक रीत आहे. आपल्या गावच्या बाईला आपण उत्तर देत नाही. उत्तर द्यायचं ते फक्त पलीकडच्या गावच्या बाईला.

आमच्या काठाचं तोंड म्हणजे मी. त्या साली शिव्यांना विषय शोधावा लागला नाही. पलीकडून आलं, "तुमना पाटील पुस्तक चाटी पोट भरस." आमच्याकडून गेलं, "तुमना पाटील बाहुलीले घाबरना." पलीकडून हसण्याचा जो फवारा उडाला, त्यात मंगलाबाईचा आवाज सगळ्यांत मोठा. मी मागे पाहिलं. आमच्या काठावर चिंचेखाली बन्सीलाल बसला होता. समोर पळसाखाली हिंमतराव, मिशीला हात लावून. दोघांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या आणि दोघांनाही बोलायची सोय नव्हती. मला जरा गार वाटलं.

निर्मला माझ्या बाजूला गवराईची पाटी घेऊन उभी होती. मधेच तिनं पाटी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि वाळूत उतरली. मला वाटलं धारेवर पाय धुवायला निघाली. उन्हानं वाळू तापलेली, ती भराभर चालत धारेपाशी गेली, धार ओलांडली आणि थांबली नाही. शिव्या देता देता दोन्हीकडच्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. ती सरळ पलीकडच्या काठावर चढली. मंगलाबाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि थोडं सरकून सुनांच्या ओळीत तिला जागा केली.

मग निर्मला आमच्याकडे वळली. तिनं माझ्याकडे बोट केलं. लहानपणापासून फुईशिवाय दुसऱ्या नावानं तिनं मला कधी हाक मारली नव्हती.

"ओ पलीकडनी धनुबाई! सरडाले कोठे पिसं ऱ्हातस का? तुमना गावमा सरडा पिसं लाईसन हिंडतस नि माणसं बोडका!"

आवाज खणखणीत होता. ओट्यावर वाचायची तसाच. आणि त्या सगळ्या नदीत पिसांवर सगळ्यात जास्त विश्वास असलेलं माणूस कोण असेल तर ती.

हिंमतराव उठून उभा राहिला, तोंड उघडलं, दिवस आठवून मिटलं. मंगलाबाई त्याच्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तिनं हिशेब मांडला. म्हणाली, ही पोर अजून त्यांच्या घरची असेल, तर त्यांच्या घरानं चारचौघांत कबूल केलं, पिसं नव्हती. तुमची अट पुरी झाली, वरात काढा. आणि आपल्या काठावर उभं राहून समोरच्या गावाला शिव्या देते म्हणून आपल्या घरची असेल, तर सून घरात आलेलीच आहे, वरात काढा. त्याच्या भावकीतला तो म्हातारा मान डोलवायला लागला, मग बाकीचेही डोलवायला लागले. पितांबर बापाच्या मागे उभा होता, त्याला आपण हसतोय हे कळतसुद्धा नव्हतं. शेवटी हिंमतराव खाली बसला आणि त्यानं मंगलाबाईकडे बघून हात उडवला, म्हणजे करा तुम्हाला काय करायचं ते.

पण अजून आमची बाजू राहिली होती. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. धनुबाई, बोल की. शेजारणीनं मला कोपरखळी मारली. माझ्या तोंडाचा पट्टा आयुष्यात कधी अडला नाही, तो त्या वेळी अडला. मी उत्तर दिलं नाही तर ती आमची. फार तर डोकं फिरलेली, चुकून पलीकडे गेलेली आमच्या गावची पोर. हाताला धरून परत आणायची. उत्तर दिलं की ती त्यांची. पाटी मी छातीशी धरली होती, आतले गव्हाचे अंकुर हनुवटीला लागत होते. ती समोर उभी, कमरेवर हात ठेवून, आणि इतक्या लांबूनही मला दिसत होतं की ती मला विनवतेय.

मागे वाळू वाजली. पुरुषांनी त्या दिवशी वाळूत उतरायचं नसतं, पण बन्सीलाल उतरला होता. माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याला समोरचं धड दिसतही नसणार, पण तो तिकडेच बघत होता. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलंही नव्हतं.

"जिजी," तो म्हणाला, "दे उत्तर."

मी पाटी खाली ठेवली. छाती भरून श्वास घेतला.

"ओ पाटीलनी सून! तुन्हा सासरानी पिसं उपटेल कोंबडी दखी, नि तिले सरडा सरडा करत गावभर हिंडना!"

दोन्ही काठ असे हसले की झाडावरची पाखरं उडाली. हिंमतरावही हसला, मिशीत, पण हसला. सून म्हटल्यावर निर्मलानं एक क्षण तोंडावर पदर धरला. मग पदर काढला आणि लगेच दुसरी शिवी हाणली, पहिलीपेक्षा वाईट. कुठे शिकली कुणास ठाऊक. माझ्याकडूनच शिकली असणार.

मग मी थांबले नाही. त्या दुपारी मी तिला ज्या शिव्या दिल्या तशा आयुष्यात कुणाला दिल्या नाहीत. पिसांवरून दिल्या, खवल्यांवरून दिल्या, गळ्याखालच्या हाडावरून दिल्या. माझा आवाज फाटला होता आणि डोळ्यांनी समोरचा काठ नीट दिसत नव्हता. ती प्रत्येकीला उत्तर देत होती, आणि मंगलाबाई मधून मधून तिच्या डोक्यावरचा पदर सारखा करत होती.